बाबांच्या पानावर

पहिनेच्या घाटात, धुक्यात, धोतर नेसलेला एक तरुण हात करत उभा होता. शेजारी बंद पडलेली स्कूटर, डोक्यावर हेल्मेट, आणि छातीशी लाल कापडात गुंडाळलेलं काहीतरी… तान्हं बाळ धरावं तसं धरलेलं. मी काच खाली केली.

"मी चालत येईन त्र्यंबकपर्यंत," तो म्हणाला. "ही वही तेवढी गाडीत ठेवा. भिजायला नको."

बाबा गेल्यापासून मी पहिल्यांदा हसले. दर भाद्रपदात सोनकीची पिवळी फुलं फुलली की ते नाशिकच्या इंदिरानगरहून मला या घाटात आणायचे. यंदा मी एकटीच आले होते.

वहीबरोबर त्यालाही गाडीत घेतलं. वेणीमाधव, त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या घरातला. तिथं येणाऱ्या घराण्यांची नावं पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या वह्यांत लिहिलेली. घोटीच्या एका अंथरुणाला खिळलेल्या यजमानांना आपल्या पणजोबांची सही बघायची होती, म्हणून वही घेऊन गेला होता. मी आमचं आडनाव आणि मूळ गाव सांगितलं. तुमचं पान आमच्याकडेच आहे, पुढच्या रविवारी दाखवतो, म्हणाला.

रविवारी गाडी वळणावर लावून आम्ही पठारावर चढलो. निसरड्या जागी तो हात देत नसे, छत्रीची मूठ पुढे करायचा. वर कातळावर बसून त्याने पान उघडलं. बाबांची तिरकी सही… तिच्याखाली माझा भाऊ अथर्व. मी नव्हतेच.

"मुलींची नावं सासरच्या पानावर येतात," तो हळूच म्हणाला.

मला फार लागलं ते. बाबांच्या शेजारी बसून हा घाट मी पाहिला होता, अथर्व तर मागं झोपलेला असायचा. तसं मी त्याला ऐकवलंसुद्धा.

तरी पुढचे सगळे रविवार आम्ही त्याच रस्त्यावर होतो. वळणापर्यंत गाडीने, पुढे पायी. मी त्याची वाट बघू लागले होते. पण तो सगळ्या जगाबद्दल बोलायचा, आम्हा दोघांबद्दल तेवढं सोडून. दसरा झाला, सोनकी वाळली. आता इथं यायला निमित्त उरलं नव्हतं. शेवटी मीच विचारलं, तुम्ही काही बोलत का नाही?

"तीन मुलींनी नकार दिला. भटजी नवरा नको म्हणाल्या. मला तर हे काम सोडायचं नाही." तो दूर धरणाच्या पाण्याकडे बघत होता. "चौथा नकार तुमच्याकडून ऐकवणार नाही… म्हणून विचारत नाही."

मग त्याने लाल कापड सोडलं. बाबांच्या पानावर, अथर्वच्या खाली, ताज्या शाईत लिहिलं होतं - कन्या स्वरदा.

"नानांनी बघितलं तर रागावतील," तो म्हणाला. नाना म्हणजे त्याचे वडील. "पण वडिलांच्या पानावर तुम्ही असायलाच हव्या होतात."

माझे डोळे भरून आले. अक्षरावर थेंब पडू नये म्हणून मी मान वळवली.

"तुमच्या घराण्याचं पान कुठं असतं?" मी विचारलं.

"काशीला. तिथल्या उपाध्यायांकडे."

उतरताना त्याने नेहमीसारखी छत्रीची मूठ पुढे केली. मी ती बाजूला सारली आणि त्याचा हात धरला.

"मग माझं नाव लिहायला काशीला कधी जायचं?"