कोरा बीकर

उंदीर चोवीस. बारा जणांच्या चरबीयुक्त खाण्यात जीवनसत्त्वाची पूड, बारा जणांच्या खाण्यात नाही. चौदा आठवड्यांनी यकृतं चोवीस. प्रत्येकातली चरबी द्रावकात विरघळवायची, द्रावक उडवायचा आणि तळाशी उरेल ते तोलायचं. बीकर मात्र पंचवीस. शेवटचा कोरा, त्यात यकृत नाही, नुसता द्रावक. तो उडाल्यावर काहीही उरता कामा नये. उरलं, तर चौदा आठवड्यांवर पाणी.

हा प्रयोग करणाऱ्या संशोधक मुलीच्या मोजणीला नावं ठेवायची कोणाची टाप नव्हती. उंदरांची देखभाल करणारे मामा तिला मिलिग्रामताई म्हणायचे. ती वरवर रागवायची. मनातून ताठ व्हायची.

निकालही तसाच लख्ख आला. पूड खाणाऱ्यांच्या यकृतात चरबी निम्मीच.

"बघा मामा! बारा जणांची मिळून दहा ग्रॅम एकशेचाळीस मिलिग्राम कमी."

"झकास. पण गेली कुठे?"

"जळाली. शरीरात."

"नशीबवान हो. माझी जिने चढून हलत नाही."

हसतच तिने कोरा बीकर उचलला. तळाशी फिकट पिवळा थर होता. आठशे मिलिग्राम.

नवा बीकर, द्रावकाची नवी बाटली. तीन ग्रॅम.

तिसऱ्यांदा काच स्वतः घासली, स्वतः वाळवली. मामांनाही हात लावू दिला नाही.

दहा ग्रॅम एकशेचाळीस मिलिग्राम.

तिने पंचवीसही बीकर फ्रिजमध्ये ठेवले आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमची वाट पाहिली. मॅडम आल्या, उभ्या उभ्या तक्ता वाचला.

"कोऱ्यासमोर शून्य लिही. आजच पाठवायचंय."

"शून्य नाहीये, मॅडम."

"मग तुझं मोजणं चुकलंय."

"माझं मोजणं चुकत नाही."

मॅडम निघून गेल्या. तिने पेन घेतलं. मान वर, अक्षर ठसठशीत. कोरा: १०.१४० ग्रॅम. चौदा आठवड्यांत इतक्या अभिमानाने तिने एकही आकडा लिहिला नव्हता.

मामा बीकर आवरायला लागले. शेवटच्यापाशी त्यांचा हात थबकला.

"ताई, हा आत्ता तापवलात?"

"फ्रिजमध्ये होता. दोन तास."

मामांनी बीकर हलकेच खाली ठेवला. तळवा सदऱ्याला पुसला.

"उंदीर हातात घेतल्यावर लागतो ना, तेवढा आहे."

तिने थर्मामीटर आणला. एकेका बीकरमध्ये धरला, पारा थांबेपर्यंत थांबली, आणि तक्त्यात नवा रकाना आखला.

चोवीस बीकर: प्रत्येकी चार अंश.

कोरा: साडेसदतीस.