क्लचवरचा पाय

ती बातमी कळली त्या दिवशी तो ट्रॅक्टरखाली उताणा पडला होता. जुना ट्रॅक्टर आठवडाभर सेल्फच घेत नव्हता. किल्ली फिरवली की नुसतं टक्. सेल्फला करंट सोडणारा सोलेनॉइड गेलाय, असं त्यानं ठरवून टाकलं होतं आणि बायकोला सकाळच्या गाडीनं नवा आणायला धाडलं होतं.

"आधी बॅटरीची अर्थची पट्टी बघा की," ती म्हणाली होती. "नाहीतर एक दिवस अख्खा ट्रॅक्टर बदलाल आणि म्हणाल, बिघाड किल्लीत होता."

"आता तू मला शिकव. जा, घेऊन ये."

तिनं सोलेनॉइड घेतला आणि दुकानासमोरचा रस्ता ओलांडताना ट्रकखाली आली. दवाखान्यानं तिचं सामान पिशवीत बांधून दिलं. त्यात सोलेनॉइडचं खोकं होतं, एका अंगानं काळपट, चिकट होऊन वाळलेलं. पिशवी त्यानं शेडमधल्या खिळ्याला अडकवली आणि चार महिने तिकडं फिरकला नाही.

शेवटी मेहुणा आला. "दाजी, ताईनं जीव घालवून आणलेली वस्तू आहे. निदान बसवा तरी. नाहीतर कशासाठी गेली ती?"

हेच त्याला रात्रंदिवस खात होतं. पण या वेळी त्यानं सगळं रीतसर तपासायचं ठरवलं. बॅटरी चार्ज करून आणली. टर्मिनलवर जखमेच्या पुवासारखा हिरवट थर चढला होता. बॅटरीच्या पेटीत उंदरानं घर केलं होतं. चिंध्या उचलल्या तर खाली गुलाबी, डोळे न उघडलेली पिल्लं वळवळत होती. मुताच्या वासाचा भपका आला. तो बाहेर जाऊन ओकला.

"दाजी, राहू द्या आज."

"नाही. बस वर."

मेहुणा सीटवर बसला. क्लच दाबल्याशिवाय या ट्रॅक्टरचा सेल्फ फिरत नसे. इंजिन सुरू होऊ नये म्हणून स्टॉपचा दांडा ओढून ठेवला होता. खाली त्यानं दिव्याची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, दुसरी इंजिनाला. अर्थ ठीक असेल तर सेल्फ मारताना हा दिवा लागायला नको.

"मार."

दिवा लख्ख पेटला.

"काय झालं?" वरून आवाज आला.

"अर्थ खराब आहे."

"आणि जुना सोलेनॉइड?"

"चांगलाय."

मेहुण्यानं किल्ली काढली. मग उतरला, किल्ली याच्या हातावर ठेवली. "म्हणजे ताई उगाच गेली," एवढंच बोलला आणि निघून गेला.

बाहेर दुपारचं ऊन होतं. अर्थची पट्टी सोडवून, गंज खरवडून परत आवळायला त्याला दहा मिनिटं लागली. फक्त दहा मिनिटं. त्याला स्वतःच्या हातांची शिसारी आली. नखांत उंदरांचे केस आणि काळं ग्रीस होतं.

शेवटचा नट आवळला. बावीस वर्षं हा खाली आणि ती वर सीटवर, क्लच दाबून. त्या सवयीनंच तोंडातून निघून गेलं, "मार."

सेल्फ फिरला.

घरघर, घरघर, एका दमात. त्यानं खिशावर हात दाबला. किल्ली मांडीला टोचली.

पडल्या पडल्या त्यानं मान वळवली. क्लचचा पेडल तळापर्यंत दाबलेला होता. पेडलवर काही नव्हतं.

वास मात्र आला. शवागारातल्या फिनेलचा. आणि फिनेलनं जो झाकायचा असतो तोही.

खरं तर त्याला बरं वाटायला हवं होतं. चार महिने तो हेच मागत होता, एकदा तरी ये म्हणून. पण आली ती निव्वळ किळस. तिची. असं वाटल्याची त्याला लाज वाटली, तरी किळस काही गेली नाही.

तो पाठीवर सरपटत बाहेर आला. सेल्फ फिरतच होता, मग रडत रडत मंद झाला, आणि बॅटरी पूर्ण उतरल्यावर गप्प झाला.

पेडल वर आला नाही.

याला आता तीन आठवडे झाले. तो रोज सकाळी शेडच्या दारातून बघतो. पेडल खालीच असतो. स्प्रिंग धड आहे, काही अडकलेलं नाही. काम झालं की खालून "सोड" म्हणायचं, एवढीच त्यांची रीत होती. सोड म्हटलं की ती पाय काढायची, खाली उतरायची आणि हात पुसत घरात यायची.

त्यानं अजून सोड म्हटलेलं नाही.