हिरवी फुली

बाबांचे पाय गार पडतात म्हणून लोकरीचे मोजे दवाखान्यात द्यायचे आणि परतायचं, एवढंच भागूबाईचं काम होतं. हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी जरा खुट्ट झालं की ती आईच्या पदराआड लपायची, म्हणून बाबांनीच तिची भित्री भागूबाई केली. आता एका लेकराची आई झाली, तरी नाव चिकटलेलंच. ढब्बूला नवऱ्याजवळ झोपवून निघाली आणि वाटेत फोन करकरून तो श्वास घेतोय ना, हे विचारत राहिली.

बाबांच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगली होती. ती फुटायच्या आत डॉक्टरांनी तिथे कापडी नळी शिवली. "नळी मस्त बसलीय," ते काल म्हणाले, "आता रक्ताची गुठळी पायात उतरू नये, तेवढं सांभाळायचं." म्हणून सिस्टर येता-जाता पायाचे ठोके बघत. ठोका लागला, तिथे निळ्या पेनाची फुली.

"ढब्बूला कुणावर सोडलंस?" बाबांनी क्षीण आवाजात विचारलं.

"त्याच्या बाबांवर."

"मग खरी काळजी तिकडेच आहे." हसता हसता त्यांचा डोळा लागला.

भर दुपार, पण पडदे ओढलेले, उजेड मळकट. कुठेतरी नळ ठिबकत होता. तिने चादर उचलली. पाठीतून दिलेल्या औषधाने पाय बधिर, त्यामुळे बाबांना कळलंही नाही. उजवं पाऊल दगडासारखं गार होतं. तिने घाबरून निळ्या फुलीवर बोट दाबलं. टिक… टिक… ठोका लागला. हुश्श. ती मोजा चढवू लागली.

"मोजे नंतर…"

डांबरगोळ्यांचा वास आला. पडद्याजवळ एक म्हातारी सिस्टर उभी होती. कडक इस्त्रीचा पांढरा झगा, डोक्यावर टोपी.

"ठोका लागतोय, सिस्टर."

"कुणाचा…? दुसरा हात स्वतःच्या गळ्यावर ठेव, पोरी."

भागूबाईने ठेवला. गळा आणि पाऊल एकाच तालात उडत होते. भीतीने तिचं काळीज धावत सुटलं, तसा पायातला ठोकाही धावला.

"तो तुझ्याच बोटातला… जोरात दाबलं की फसवतो. पायात काही नाही."

म्हातारीने बाबांच्या मांडीवर हिरव्या पेनाने फुली मारली. "रक्त इथवरच येतंय… जा, ओरड."

आयुष्यात कधी आवाज न चढवलेली भागूबाई वॉर्ड दणाणून सोडत धावली.

"ताई, मी आत्ताच ठोका बघितलाय," तरुण सिस्टर वैतागली.

"स्वतःच्या गळ्यावर हात ठेवून बघा. तोवर मी हलणार नाही."

सिस्टरने बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. डॉक्टर धावत आले. ठोके ऐकायचं यंत्र पावलावर टेकवलं, नुसती खरखर. पुढच्या क्षणी बाबांची खाट ऑपरेशनच्या खोलीकडे निघाली होती.

बाहेर येताना डॉक्टर घामेजले होते, पण हसत होते. "गुठळी निघाली. थोडा उशीर झाला असता, तर पाय गेला असता. आणि ती हिरवी फुली कुणाची? गुठळी बरोब्बर तिच्याखालीच होती."

संध्याकाळी बाबांचं पाऊल गुलाबी, ऊबदार. त्यांनी अंगठा हलवून दाखवला.

"भागूबाई, आजपासून तू फौजदार."

"उशीरच केलात नाव बदलायला," ती म्हणाली, आणि हसता हसता रडली.

निघताना तिने टोपीवाल्या म्हाताऱ्या सिस्टरची चौकशी केली.

"टोपी?" तरुण सिस्टर थबकली. "आमच्यात टोपी कुणीच घालत नाही, ताई. आणि वॉर्डात हिरवं पेन नसतं…"

तरी भागूबाई ताठ मानेने घरी गेली. वाटेत एकदाही फोन केला नाही.

"मी इथून हललो नाही आणि तोही हलला नाही," नवरा कौतुकाने म्हणाला. "कुणी आलं-गेलंही नाही."

खोलीत डांबरगोळ्यांचा वास होता. तिने पांघरूण सारलं. ढब्बूच्या इवल्या पावलावर हिरवी फुली होती.

तिने आरडाओरडा केला नाही. एक हात गळ्यावर ठेवला, दुसऱ्या हाताचं बोट फुलीवर, अगदी हलकं. दोन ठोके, दोन वेगळे ताल. ढब्बूचा भरभर, अवखळ, त्याचा स्वतःचा. तिने श्वास सोडला.

मग बोट उचललं. टोकाला हिरवी शाई लागली होती. ओली.