मोराची मान

"जरा डावीकडे सरकता का? तुमची सावली मोराच्या पोटात घुसतेय."

आवाज वरून आला. शिडीवर एक तरुण माळी उभा होता. हातात भलीमोठी कात्री, केसांत पानं. त्याच्यासमोर झुडूप कातरून केलेला मोर होता – उंच, हिरवा आणि चेहऱ्यावरून जरा गर्विष्ठ.

मी सरकले.

"अजून थोडं… हां. आता ऊन तुमच्या तोंडावर आलं, पण त्याला माझा इलाज नाही."

"मोराची फार काळजी घेता."

"तो तक्रार करत नाही. पाहुणे करतात."

सुट्टीसाठी आई, मावशी आणि मी या घोड्यांच्या फार्मवर आलो होतो. बागेत हिरवे प्राणी, कुंपणापलीकडे खरे. मावशीचा बेत माझं लग्न जमवायचा होता, आईचा झोपायचा. मी दातांची डॉक्टर. चार दिवस कुणाच्याही तोंडात बघायचं नाही, एवढाच माझा बेत.

संध्याकाळी माळ्याने कुंपणापाशी एका म्हाताऱ्या घोड्याची ओळख करून दिली.

"हे जावईबापू. काम काही करत नाहीत, खायला वेळेवर लागतं, आणि पाठ फिरवली की रुसतात. लहानपणी मी यांच्याच पाठीवरून पडायला शिकलो."

घोड्याने त्याच्या खांद्यावर मान टेकवली. दोघेही बराच वेळ तसेच उभे राहिले.

"माझ्याशी बोलतात रोज," तो म्हणाला.

"आज काय म्हणाले?"

"म्हणाले… पाहुणीबाई उद्या बागेत येणार का, विचार."

"त्यांना सांगा, बघते म्हणाली."

"मग झोपायचे नाहीत ते."

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक घेऊन मोराच्या पिसाऱ्यामागच्या बाकावर बसले. पिसाऱ्यावरून फक्त शिडीवरचा तो दिसत होता. मी एकच पान वाचत होते, तेही उलटसुलट. मग उकडलं, म्हणून केस सोडले, झटकले, पुन्हा बांधले.

कच्च.

मी पुस्तकातून डोकं वर काढलं, तर शिडी रिकामी आणि तो तबेल्याच्या दिशेने जवळजवळ धावत निघालेला. नमस्कार नाही, काही नाही. मला उगाचच वाईट वाटलं.

थोड्या वेळाने मालकीणबाईंच्या आवाजाने सगळे बागेत जमलो. मोराला मान नव्हती. खाली जावईबापू उभे होते आणि शांतपणे तुरा चघळत होते.

"पुरे झालं याचं," मालकीणबाई म्हणाल्या. "आता टेम्पो येतोच आहे. जाऊ दे माझ्या दिरांकडे."

दिरांकडे गेलेलं काहीच परत येत नसे म्हणे. शिवणयंत्रसुद्धा आलं नव्हतं.

तेवढ्यात माळी तारेचं भेंडोळं घेऊन आला. घोड्याला बघून त्याचा चेहरा उतरला.

"बाई, मी–"

"तू गप्प. तुझ्याच लाडांनी शेफारलाय."

मी तुटलेली फांदी जवळून पाहिली. सवय. "घोड्याने नाही केलेलं हे," मी म्हणाले. "चावलं असतं तर टोक पिंजलं असतं. हा काप सरळ आहे, एका फटक्यात–"

आणि मी थांबले. असा काप घेणारी कात्री माळ्याच्या कमरेला लटकत होती.

"एका फटक्यात काय?"

"म्हणजे… याचे दात फारच चांगले असतील. या वयात असे दात मी पाहिलेच नाहीत."

जावईबापूंनी जांभई दिली. पुढचे दोन दात नव्हतेच.

माळ्याने माझ्याकडे पाहिलं, घोड्याकडे पाहिलं आणि तार खाली ठेवली.

"बाई, मान मी कापली. बांधायला तार आणायला गेलो, घाईत कुंपणाचं दार उघडं राहिलं, तेवढ्यात हे आले. यांनी फक्त पडलेलं खाल्लं."

"इतकी वर्षं कातरतोयस. मान कशी कापली जाते?"

"लक्ष नव्हतं."

"कुठे होतं?"

त्याचे कान लाल झाले. फाटकापाशी टेम्पोचा हॉर्न वाजला.

"यांनी केस सोडले," तो जमिनीशी बोलल्यासारखा म्हणाला, "आणि परत बांधले. त्या दोहोंच्या मध्ये… गेली मान."

मावशीने बाकावर पेंगणाऱ्या आईला कोपराने ढोसून जागं केलं.

मालकीणबाईंनी आधी मोराकडे, मग माझ्या केसांकडे पाहिलं. नुकसानीची पाहणी करतात, तसं.

"टेम्पोवाल्याला रिकामा परत पाठवा," त्या म्हणाल्या. "आणि तू नीट ऐक. नवी मान येईपर्यंत छाटणीच्या दिवशी ही मुलगी बागेत दिसता कामा नये. माझा हत्तीही आहे इथे, आणि त्याला सोंड आहे."

त्या गेल्या. मावशी जायला तयार नव्हती. आईने तिला दंडाला धरून नेलं.

"मान यायला किती दिवस लागतात?" मी विचारलं.

"दोन वर्षं. नीट यायची तर तीन."

"मग तीन वर्षं मी यायचं नाही." हसत म्हणायचं ठरवलं होतं, जमलं नाही.

तो जावईबापूंच्या आयाळीतली पानं वेचत राहिला. एकेक, फार सावकाश.

"यापुढे छाटणी सोमवारी," तो म्हणाला. "फक्त सोमवारी."

"माझा दवाखाना रविवारी बंद असतो."

"दर रविवारी?"

"दर रविवारी."