घरची काच

रुग्णालयाच्या तळघरातल्या लॅबमध्ये ताईचा दिवस स्वतःचं बोट टोचून सुरू व्हायचा. एक थेंब काचेवर ओढायचा, रंगवायचा आणि रंग नीट चढला तरच रुग्णांच्या काचा हाती घ्यायच्या. या रोजच्या नमुन्याला सगळे 'घरची काच' म्हणत. तिच्या रक्तातल्या लहान पांढऱ्या पेशींना कडेला एक खाच होती, उंदराने कुरतडल्यासारखी. त्यात आजार काही नव्हता. "पेशीसुद्धा तुझ्यासारख्याच, दातांत फट असलेल्या," असं डॉक्टरबाई तिला चिडवायच्या.

दुसऱ्या मजल्यावर डायलिसिसच्या बारा खुर्च्या होत्या. पाच नंबरच्या खुर्चीत तिचा धाकटा भाऊ आठवड्यातून तीनदा येऊन बसायचा. तो ताई म्हणायचा, म्हणून हळूहळू सगळं रुग्णालयच तिला ताई म्हणू लागलं. आईवडील गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. तिला दुसरं कोणी नव्हतं.

डॉक्टरबाई या बाराजणांच्या रक्ताचा अभ्यास करत होत्या. काचेवरच्या शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या. त्यांत जंतूंवर तुटून पडणाऱ्या मोठ्या किती आणि राखण करणाऱ्या लहान किती, ते वहीत लिहायचं. मोठ्या वाढत गेल्या आणि लहान घटत गेल्या, की डायलिसिसवरच्या माणसाचं हृदय दगा देण्याची भीती वाढते, एवढं ताईला पाठ होतं. बाईंचा यंत्रावर भरवसा नव्हता, म्हणून ताई डोळ्यांनी मोजायची. हाताशी बटणांची मोजपेटी असायची: मोठीला एक बटण, लहानीला दुसरं, किरकोळ जातींना तिसरं. शंभर झाल्या की घंटी वाजायची.

एका सोमवारी तिने चुकून ताज्या काचेऐवजी गेल्या महिन्यातली काच लावली. सात नंबरची. सात नंबर म्हणजे घड्याळवाले, लॅबच्या भिंतीवरचं घड्याळ हौसेने दुरुस्त करून देणारे म्हातारे गृहस्थ. मोजणीत लहान पेशी आल्या अकरा. वहीत त्याच काचेसमोर तिच्याच अक्षरात चोवीस होत्या.

एक-दोनचा फरक कोणाच्याही हातून पडतो, तेराचा पडत नाही. आता चष्म्याचा नंबर वाढला, असं ती स्वतःशीच पुटपुटली. मंगळवारी तिने तीच काच परत लावली. लहान पेशी सहा.

काचेवरचं रक्त मेलेलं असतं. रंगात भिजून चिकटलेली पेशी ना हलते, ना कुठे जाते. पण डाव्या कडेला जिथे काल एक लहान पेशी तिने डोळ्यांनी पाहिली होती, तिथे आज मोठी बसली होती.

बुधवारी सकाळी लहान एकही नव्हती. त्याच दुपारी चार वाजता घड्याळवाले घरीच वारले. चहाचा कप हातातच होता, असं त्यांच्या सुनेने कळवलं. कारण, हृदय बंद पडलं. सोमवारी घेतलेल्या त्यांच्या ताज्या रक्ताचा आकडा मात्र चांगला होता.

गुरुवारी ताईने पाच नंबरची जुनी काच काढली. एकोणीस लहान असायला हव्या होत्या. निघाल्या सात.

शुक्रवारी सकाळी दोन.

ती काच घेऊन तडक डॉक्टरबाईंकडे गेली. "एवढी मोजा. आधी काही विचारू नका."

बाईंनी मोजली. चष्मा पुसला, पुन्हा मोजली.

"काच बदलली असेल."

"नंबर माझ्या अक्षरात आहे."

"अगं, परवाच त्याचं रक्त पाहिलंय मी. छान आहे."

"घड्याळवाल्यांचंही छानच होतं."

बाईंनी फोन पुढे ओढला. मग म्हणाल्या, "आत्ताच अँजिओग्राफी करू. कारण काय लिहायचं ते मी बघते."

वर धाकटा खुर्चीत पाय पसरून बसला होता. "ताई, तोंडावर बारा का वाजलेत?"

"हृदयाची तपासणी करायचीय. घाबरू नकोस."

"घाबरलीयेस तू."

तिने त्याचा हात धरला. यंत्राकडे जाणारी रक्ताची नळी तिच्या मनगटाला लागली. "माझं आयुष्य तुला लाभो," ती म्हणाली. आजवर हे ती उठता बसता म्हणायची. आज तिने ते मनापासून मागितलं.

"अर्धं तर माझ्या उस्तवारीत संपवलंस," तो हसला. "उरलंय काय द्यायला?"

नळी गरम होती. तिच्या मनगटावर ती क्षणभर बर्फासारखी गार लागली.

दुपारी बाईंचा फोन आला. मुख्य रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती. स्टेंट बसला, रक्त मोकळं वाहू लागलं. "उद्यापर्यंत राहिला नसता," बाई म्हणाल्या.

ताई टेबलावर डोकं ठेवून मनसोक्त रडली. मग डोळे पुसून तिने पाच नंबरची जुनी काच मायक्रोस्कोपखाली सरकवली.

लहान पेशी एकवीस. तिला हसू फुटलं.

तिने मोठं भिंग लावलं.

एकवीसच्या एकवीस पेशींना कडेला खाच होती.

आज सकाळची घरची काच शेजारीच होती. तिने ती लावली आणि बटणांवर बोटं ठेवली. मोठी. मोठी. किरकोळ. मोठी. मोठी.

शंभराची घंटी वाजली. दुसऱ्या बटणाला बोट लागलंच नव्हतं.

तिला भीती वाटली. पण झालेलं परत फिरावं असं काही तिच्या मनात आलं नाही. तिने वही ओढली, 'घरची' असं लिहून त्यापुढे शून्य काढलं.

फोन वाजला. "ताई, वर ये ना," धाकट्याचा आवाज खणखणीत होता. "किती हलकं वाटतंय म्हणून सांगू."

"आलेच," ती म्हणाली आणि खुर्चीच्या पाठीला धरून उठली. भिंतीवर घड्याळवाल्यांनी दुरुस्त केलेलं घड्याळ बिनचूक चाललं होतं. चाराला दहा मिनिटं कमी होती.