ठिगळाखालचा चेहरा

बसा निवांत. विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हा विषय मी घरात काढत नाही.

माझं काम साधं. नाशिकरोडला घरातूनच एक वेबसाइट चालवतो. आसपासचे प्रेसवाले दशक्रियेच्या पत्रिकेची पीडीएफ तिथं चढवतात आणि सर्व्हर तिचा फोटो करून देतो. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर पीडीएफ कोण उघडतंय हो? फोटो असला की लोक बघतात, हात जोडतात, मोकळे होतात.

एका दुपारी सायखेड्याच्या प्रेसवाल्या दिनेशचा फोन आला.

"भाऊ, झुंबरबाईंच्या पत्रिकेत दुसराच माणूस दिसतोय."

फोटो उघडला. झुंबरबाईंच्या चेहऱ्यामागे टोपी घातलेला एक म्हातारा, अगदी पुसट. मला हसू आलं. प्रेसवाल्यांची ही जुनी खोड. नवी पत्रिका करायची म्हणजे मागच्या मयताच्या फायलीवर पांढरं ठिगळ चिकटवायचं आणि वर नवं नाव टाकायचं. फोटो करताना सर्व्हर कधीकधी ते ठिगळ खातो आणि खालचा माणूस वर येतो.

"मागची फाईल पुसत जा की लेका! मेल्यावर तरी माणसाला त्याची जागा द्या."

"पण भाऊ, या बाबांची पत्रिका आपण कधी केलीच नाय…"

चडफडत कामाला बसलो. सेटिंग बदलल्या, सर्व्हरवरचा प्रोग्राम नवा टाकला, पुन्हा चालवला. म्हातारा आणखीच ठळक झाला. शेवटी मूळ पीडीएफ उघडून ते ठिगळच उचललं. खाली काहीच नव्हतं. नुसता पांढरा कागद. 

दिनेशला पीडीएफचा स्क्रीनशॉट काढून दिला आणि विषय मिटवला. आठवडा गेला नसेल, त्यानं नवी पत्रिका चढवली आणि लगेच फोन केला. कै. पुंजा. तोच म्हातारा, तीच टोपी.

"मळ्यात चालता चालता पडले ओ. लय धडधाकट होते…"

बटण दाबू नये असं वाटत होतं, आणि न दाबता राहवत नव्हतं. दाबलं. सर्व्हरनं फोटो करून दिला. पुंजाबाबांच्या मागे माझी बायको होती. रोशनी.

मी ओरडलोच. ती स्वयंपाकघरातून धावत आली, हातात उलथनं तसंच.

"काय झालं हो?"

"काही नाही. तू आज बाहेर जाऊ नकोस. गाडीला हात लावू नकोस. गॅस बंद कर."

"वेड लागलंय का? भाकरी करपेल माझी!" म्हणत ती आत गेली.

देवाशपथ सांगतो, आयुष्यात इतका कधी घाबरलो नव्हतो. तिच्यावाचून मला घरातलं मीठसुद्धा सापडत नाही. सर्व्हर बंद केला. तो फोटो तेवढा लॅपटॉपवर राहिला होता. पुसण्याआधी मोठा करून तिच्या नावाची ओळ वाचली.

कै. श्रीमती रोशनी.

सौ. नव्हतं. नवरा आधी गेला असेल तर लावतात ते श्रीमती होतं. म्हणजे तिच्या आधी मी. खरं सांगू? क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. मग खाली फरशीवरच बसलो.

तेवढ्यात पुन्हा दिनेश. आवाज अगदी दबलेला.

"भाऊ… तुमचा एखादा चांगला फोटो पाठवता का? पत्रिकेसाठी पायजे म्हणत्यात वहिनी."

"कोण वहिनी?"

"आपल्या रोशनीवहिनी. मघापासून दुकानात बसल्यात. दुसरं काही बोलतच नाय… आणि भाऊ… कपाळ मोकळं हाय त्यांचं."

फोन अजून कानालाच होता. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तो थांबला, आणि रोशनीनं विचारलं, "अहो, कोणाचा फोन आहे?"