आधी निळी रेष

दुपारच्या पाळीला आलं की अक्का सगळ्यात आधी हात धुऊन कोमट करायची. मग काचपेटीच्या गोल खिडकीतून ते आत घालायची आणि लिंबाएवढ्या डोक्याच्या कपाळावर सेन्सरची पट्टी नीट बसलीय का ते पाहायची. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या या वॉर्डात ती एकतीस वर्षं नर्स होती. मोठे डॉक्टरसुद्धा तिला अक्काच म्हणायचे, आणि तिच्याशी वाद घालायची वेळ आली की दुसऱ्याला पुढे करायचे.

कोपऱ्यातल्या पेटीत चार दिवसांची मुलगी होती. सव्विसाव्या आठवड्यात जन्मलेली. तिची आई स्टुलावर बसून यंत्राच्या पडद्याकडे एकटक बघत होती.

"लाल रेष म्हणजे रक्तदाब," अक्का म्हणाली. "निळी म्हणजे मेंदूत पोचणारं रक्त. तुमचा-माझा दाब जरा उतरला तरी मेंदू आपला वाटा सोडत नाही. हिला ते अजून येत नाही. लाल घसरली की मागोमाग निळी घसरते."

"कधी येईल?"

"येईल हळूहळू. तोवर दाब आपण सांभाळायचा."

"मी इथून हलणार नाही," आई म्हणाली. अक्काला ती तिथेच आवडली.

त्याच कोपऱ्यात दोन महिन्यांत दोन बाळांच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. इतक्या लवकर आलेल्या बाळांना होतो, हे अक्कालाही ठाऊक होतं. पण तिनं यंत्रात साठवलेल्या जुन्या रेषा काढून पाहिल्या. दोन्ही बाळांची निळी रेष आधी घसरली होती. लाल मागून. पहिल्या दिवशी दुपारी चार दहाला, एक मिनिट. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, चार मिनिटं. तिसऱ्या दिवशी नऊ, आणि मग रक्तस्राव.

"दाब ठीक असताना मेंदूचं रक्त आधी कमी झालं ते कसं? कुणी नळ बंद केला?" तिनं डॉक्टरांना विचारलं.

डॉक्टर तरुण होते, हुशार होते. श्वासाच्या यंत्रामुळेही असं होतं, म्हणाले. त्याच्या नोंदी पाहिल्या, तर काडीचाही फरक नव्हता. रेषांचं यंत्र दुरुस्त करणाऱ्यानं वायरी बदलल्या, पडदा बदलला आणि "ठणठणीत आहे, बाई" म्हणून तो निघून गेला.

त्या दुपारी चार दहाला मुलीची निळी रेष एक मिनिट घसरली.

दुसऱ्या दिवशी अक्कानं हटून बसून पेटी खिडकीजवळ हलवायला लावली. चार दहाला निळी रेष तिथेही घसरली. चार मिनिटं. मग लाल. सगळ्यांनी धावपळ केली, औषध वाढवलं, रेषा वर आल्या. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं आणि पेटीची काच मात्र बाहेरून, एका हाताच्या पंजाएवढी, बर्फासारखी गार होती.

तिसऱ्या दिवशी चार वाजता अक्कानं यंत्राच्या दुसऱ्या वायरीला नवी पट्टी जोडली आणि स्वतःच्या कपाळावर चिकटवली.

"हे काय चाललंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुमच्याकडे दुसरा उपाय आहे?"

डॉक्टर औषध भरलेली सिरिंज हातात घेऊन उभे राहिले. अक्का स्टुलावर बसली आणि तिनं त्या गार जागेवर कपाळ टेकलं. आईनं मागून तिचे खांदे धरले.

चार दहा.

मुलीची निळी रेष हलली.

"इकडे," अक्का हळूच म्हणाली. "तिच्या अंगात काय आहे घ्यायला? इकडे ये."

कपाळावर ओलं बोट ठेवल्यासारखं झालं. मग ते बोट आत गेलं.

पडद्यावर अक्काची रेष उतरू लागली. कानात घूं सुरू झालं. डोळ्यांपुढे काठाकडून अंधार सरकत आला.

"अक्का, उठा!" डॉक्टर ओरडले.

"नाही."

पाच मिनिटं. सहा.

"एकतीस वर्षं हेच करतेय मी," ती दात आवळून म्हणाली. "तुला काय वाटलं, सोडेन?"

आईची बोटं तिच्या खांद्यात रुतली होती.

आठ.

नऊ.

काच कोमट झाली.

मुलीचा दाब त्या नऊ मिनिटांत दोनदा पडला होता. निळी रेष मात्र त्या पहिल्या हेलकाव्यानंतर तसूभर हलली नव्हती. "एवढ्या बाळाला हे जमत नाही," डॉक्टर पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. आई पेटीवर हात ठेवून हुंदके देत हसत होती.

त्यानंतर मुलगी झपाट्यानं सुधारली. अक्काला मात्र उभं राहताना अंधारी यायला लागली. वॉर्डात दोनदा तिचा तोल गेला, तेव्हा डॉक्टरांनी तिला हाताला धरून तपासणीच्या खोलीत नेलं. दंडाला पट्टा, कपाळाला पट्टी. बसा म्हणाले, उठा म्हणाले. ती उठली. लाल रेष थोडी उतरली. निळी तिच्या मागोमाग, पायरी न पायरी उतरत गेली.

डॉक्टरांनी तिला तीनदा उठबस करायला लावली. मग त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला.

"अक्का, ही रेष छप्पन्न वर्षांच्या बाईची नाही. सव्विसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाची आहे."

"बरं झालं. लोक तरुण दिसायला किती खटपट करतात," ती म्हणाली. ते हसले नाहीत.

कोपऱ्यात नवं बाळ आलं होतं. काल चार दहाला त्याची निळी रेष एक मिनिट घसरली होती.

डॉक्टरांनी तिच्या कपाळावरची पट्टी काढायला हात पुढे केला. तिनं तो बाजूला सारला. भिंत धरून ती उभी राहिली, नाहीशी झालेली खोली पुन्हा दिसू लागेपर्यंत थांबली आणि पट्टी तशीच ठेवून वॉर्डाकडे चालू लागली.